दिवाकरभाऊंचा आवाज आणि विदर्भातले सर्व्हर

आमच्या लाइनमध्ये किस्से साठतात ते ड्रॉवरमधल्या जुन्या केबलींसारखे. कुठून आल्या, कोणत्या मशीनच्या, कोणालाच आठवत नाही. पण फेकायचा धीर कोणाला होत नाही. सर्व्हर म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं काम ज्याच्यावर चालतं तो मोठा कॉम्प्युटर. तो नीट चालला तर सांभाळणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. बंद पडला की शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे दारात उभे! आणि दर दोन मिनिटांनी विचारतात, "झालं का?" अरे, झालं असतं तर मी इथं जमिनीवर बसून राहिलो असतो का?

तर आम्ही अशी जमिनीवर बसणारी तिघं. दिवाकर भोयर, म्हणजे आमचे दिवाकरभाऊ, हिंगण्याच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतात. अर्चना वानखेडे एका कॉलेजचं नेटवर्क बघते, शिवाय बाहेरगावची कामंही घेते. आणि मी नितीन, लकडगंजात एका लाकडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे. आमचा एक चॅनेल आहे. विंडोज सर्व्हर कसा लावायचा, नेटवर्क अडलं तर काय बघायचं, असे व्हिडिओ आम्ही त्यावर टाकतो, अस्सल नागपुरी बोलीत.

हे सुरू झालं भाऊंच्या वैतागातून. भंडारा, वर्धा, यवतमाळ, कुठल्या कुठल्या ऑफिसातून त्यांना फोन यायचे आणि प्रश्न तोच. एका रविवारी त्यांनी माइक लावला, स्क्रीन रेकॉर्ड केली आणि मला म्हणाले, "आता जो विचारंन त्याले हे पाठवून दे. माह्यं तोंड दुखून राहिलं."

तोंड म्हटलं म्हणून सांगतो, चॅनेलवर भाऊंचं तोंड कधीच दिसत नाही. फक्त स्क्रीन आणि आवाज. मी एकदा म्हटलं, भाऊ, कोपऱ्यात तुमचा फोटो टाकू. तर म्हणाले, माझं तोंड पाहून कोणाचा सर्व्हर चालू होणार आहे का? दुसरा नियम असा की चूक झाली तर कापायची नाही. एडिटिंग मी करतो, त्यामुळे या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास मलाच. पण भाऊंचं म्हणणं, बरोबर ते सगळेच दाखवतात, लोकांना चूकही दिसू दे.

*

रेकॉर्डिंग त्रिमूर्तीनगरला, भाऊंच्या वरच्या खोलीत. मे महिन्यात ती खोली काय तापते ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. कूलर लावावा तर माइकमध्ये सगळा घरघराट. म्हणून रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी भाऊ ओला दुपट्टा डोक्यावर घेतात आणि हुकूम सोडतात, कूलर बंद!

एका रविवारी अर्चनानं बंड केलं. म्हणाली, मी इथं शिजून मरणार नाही. मग बाजूच्या खोलीतला कूलर चालू ठेवून दार लोटून घेतलं. व्हिडिओत मागं बारीक आवाज आला, पण म्हटलं चालते.

तीन-चार दिवसांनी साकोलीच्या एका माणसाची कॉमेंट आली. "भाऊ, माहिती मस्त. पण तुमच्या कूलरचा पंप कोरडा फिरून राहिला. जळंन तो."

भाऊंनी जाऊन पाहिलं. टाकी कोरडी, पंप जळालेला! भाऊंच्या मिसेस, आमच्या सुषमावहिनी, पहिल्यापासून सांगत होत्या की हवा गरम येते. घरात बसून आम्ही तिघांनी ऐकलं नाही आणि साकोलीवाल्यानं मोबाइलवर ऐकलं. वहिनी आजही त्या माणसाला देवमाणूस म्हणतात.

*

सगळ्यात जास्त पाहिला गेलेला आमचा व्हिडिओ सांगतो. घरी बसून ऑफिसच्या सर्व्हरची नेटवर्क सेटिंग कशी बदलायची, असा विषय होता. आता या कामात एक मोठा धोका असतो. तुम्ही घरून सर्व्हरला जोडलेले असता ते त्याच्या नेटवर्क कार्डावरून. तेच कार्ड चुकून बंद केलं तर तुमचाही संबंध तुटला. मग परत चालू करायला तुम्ही शिरणार कुठून?

भाऊंनी हे पाच मिनिटं समजावून सांगितलं. प्रॅक्टिससाठी वेगळा सर्व्हर ठेवलेला, त्याची खिडकी स्क्रीनवर उघडी. शेजारी कारखान्याच्या खऱ्या सर्व्हरची खिडकी, तीही उघडी. दोन्हींचा रंग निळा, दोन्ही दिसायला सारख्या.

भाऊ म्हणाले, "हे बटन चुकूनही दाबू नका. दाबलं तर काय होते ते मी तुम्हाले दाखवतो." आणि दाबलं. खऱ्या सर्व्हरवर!

स्क्रीन थिजली. अर्चनानं माझ्याकडे पाहिलं, मी भाऊंकडे. भाऊंनी दुपट्टा काढला, घाम पुसला आणि माइकमध्ये अगदी शांतपणे म्हणाले, "आता आपण हिंगण्याले जाऊ."

आणि गेलो ना! मोटरसायकलवर भाऊ पुढं, मी मागं मोबाइल धरून. रविवार म्हणून कारखाना बंद होता, नशीब. भाऊंनी सर्व्हर रूम उघडली, कार्ड चालू केलं आणि मोबाइलकडे पाठ करून सांगितलं, "हा झाला यावरचा उपाय."

तेव्हापासून विदर्भातल्या सर्व्हरवाल्यांत म्हणायची पद्धतच पडली. कोणी स्वतःच्या हातानं स्वतःला सर्व्हरच्या बाहेर काढलं की तो चंद्रपुरात बसलेला असला तरी म्हणतो, हिंगण्याले जाऊन राहिलो.

*

आमच्या सेठला हा चॅनेल सापडला तेव्हा मला वाटलं, संपलं. दहा वर्षं हा माणूस मला एकच विचारत आला होता, सगळं तर चालू आहे, मग तू दिवसभर करतो काय? आता म्हणेल, व्हिडिओ करतो.

पण सेठनं नेमका कोणता व्हिडिओ पाहावा? सर्व्हरची तब्येत एका स्क्रीनवर कशी पाहायची, तो. त्यात प्रत्येक गोष्टीसमोर हिरवा दिवा दिसतो. सेठ दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अपना भी ऐसा हरा दिखता क्या?" म्हटलं, दिसतो ना. "मेरे केबिन में लगा दे."

लावला टीव्ही. आता सेठ सागवानाच्या भावापेक्षा जास्त वेळ ते दिवे बघतात. मी वर्ध्याला साळीच्या लग्नात अक्षता हातात घेऊन उभा, तर यांचा फोन. एक दिवा पिवळा झाला होता. म्हटलं, सेठ, काही नाही, एक अपडेट बाकी आहे, उद्या करतो. ते मंगलाष्टकं संपेपर्यंत फोनवर थांबले.

मागं रायपूरचा एक व्यापारी केबिनमध्ये आला. त्यानं विचारलं, ये टीव्ही पे क्या चल रहा है? सेठ छाती फुगवून म्हणाले, "जब तक ये हरा है, तब तक नितीन को कुछ बोलने का नहीं।" दहा वर्षांत माझी एवढी तारीफ कोणी केली नाही.

*

अर्चनाला एकदा अमरावतीच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. तिथला कॉम्प्युटरवाला माणूस मोठा कडक. म्हणाला, पासवर्ड बाहेरच्या माणसाले सांगायची परवानगी नाही, मी साहेबायले विचारून येतो. आणि फोन लावायला बाहेर गेला.

अर्चनानं स्क्रीनवर सर्व्हरचं नाव वाचलं. 'भोयर-टेस्ट'. आमच्या प्रॅक्टिसच्या सर्व्हरचं हेच नाव! त्या माणसानं व्हिडिओ बघत बघत सर्व्हर लावला होता आणि भाऊंनी जे टाइप केलं ते सगळं जसंच्या तसं टाइप केलं होतं. अर्चनानं मग व्हिडिओतला पासवर्ड टाकून पाहिला. त्यात तर्री होती, पोहे होते आणि मध्ये एक चिन्ह. धाडकन उघडलं!

माणूस परत आला तर ही बाई आत काम करत बसलेली. त्याचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, तुम्ही कशा शिरल्या?"

अर्चना म्हणाली, "ते जाऊ द्या. तुमच्या साहेबाचं नाव भोयर आहे का?"

"नाही. पण व्हिडिओत तसंच लिवलं होतं."

भाऊंना हे कळल्यावर ते फार अस्वस्थ झाले. लगेच एक खास व्हिडिओ केला, माझा पासवर्ड ठेवू नका, स्वतःचा ठेवा. पासवर्ड कसा बदलायचा तेही करून दाखवलं, सांबारवडी असा नवीन टाकून. दोन महिन्यांनी अर्चना यवतमाळला एका कामाला गेली. तिथं सांबारवडी चालली.

*

मग गेल्या वर्षी भाऊंचा आवाज बसायला लागला. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, सर्व्हर रूमचा एसी बाधला. तिथं पंख्यांचा एवढा आवाज असतो की दिवसभर ओरडूनच बोलावं लागतं. आमच्या आधी प्रेक्षकांच्या लक्षात आलं. प्रत्येक व्हिडिओखाली ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. सर्व्हरचा प्रश्न कोणी विचारेचना! भाऊ म्हणायचे, होते बरं. दिवाळीपर्यंत तो आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा झाला.

शेवटी वहिनींनी हात धरून धंतोलीच्या एका डॉक्टरमॅडमकडे नेलं. गळ्यात कॅमेरा टाकून पाहिलं तर आवाजाच्या पडद्यावर गाठ. साधी आहे, घाबरायचं कारण नाही, काढून टाकू, असं मॅडम म्हणाल्या. पण ऑपरेशननंतर पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. तपासणीला याल तेव्हाच मी बोलायला सांगेन. आणि एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली. आवाज येईल, पण पहिल्यासारखाच येईल हे मी आत्ता सांगू शकत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भाऊ गॅलरीत बसले होते. त्या घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "नितीन, सर्व्हर पडला तर आपण उठवतो गा. हा पडला तर कोण उठवंन?"

मी म्हटलं, भाऊ, चहा सांगतो वहिनीला. मूर्खासारखं.

*

ऑपरेशन नीट झालं. आता दिवाकर भोयरनं गप्प बसायचं! साधा माणूस कागदावर लिहून दाखवतो, पण हा पडला सर्व्हरवाला. त्यानं कॉम्प्युटर बोलता केला. आपण टाइप करायचं, मशीन वाचून दाखवते. ते लावून घरातल्या स्पीकरला जोडलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. हॉलमधून एका परक्या बाईचा गोड, सपाट आवाज आला. "सुषमा. एक. कप. चहा. दे."

वहिनी तशाच पिठाच्या हातानं बाहेर आल्या. म्हणाल्या, "त्या बाईले म्हणाव, चहा पायजे असंन तर सोता करून घे. माह्या घरात माह्यं नाव घ्यायचं नाही."

स्पीकर बंद झाला. पण त्याच दिवशी मी निघालो तेव्हा वहिनी जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "नितीनभाऊ, लग्न झाल्यापासून मी म्हणत होते, हा माणूस किती बोलते. आता नाही करमत मले." आणि त्या रडल्या.

*

मधल्या काळात चॅनेल रिकामा राहू नये म्हणून मी माझ्या आवाजात एक व्हिडिओ केला. चांगली तयारी केली, घसा साफ केला, सावकाश बोललो. पहिली कॉमेंट अशी, "माहिती बरोबर आहे. हा कोण आहे? भाऊ कुठी गेले?" त्याखाली सगळ्यांनी तेच लिहिलेलं. अर्चनानं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा.

मग भाऊंनी स्वतःच उपाय काढला. न बोलता व्हिडिओ. नुसता माउस फिरवायचा. जिथं लक्ष द्यायचं तिथं गोल गोल, जिथं धोका तिथं जोरात डावीकडं-उजवीकडं. आम्ही नावातच लिहिलं, या व्हिडिओला आवाज नाही. पण आमची मंडळी नाव वाचतात कुठं? आवाज येत नाही म्हटल्यावर प्रत्येकानं स्वतःचा कॉम्प्युटर खोलला! कोणी स्पीकर बदलला, कोणी वायर. तुमसरच्या एकानं तर अख्खं विंडोज नव्यानं टाकलं आणि खाली लिहिलं, "भाऊ, सगळं करून पाहिलं, तरी तुमचा आवाज येत नाही. यावर एक व्हिडिओ टाका."

भाऊंना मी हे दाखवलं तेव्हा ते गदगदा हसले, आवाज न करता. मग एकदम थांबले. माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि त्याच्यावर टाइप केलं, "खरंच नाही आला तर?"

*

तपासणीच्या दिवशी मी, भाऊ आणि वहिनी धंतोलीला गेलो. डॉक्टरमॅडम ऑपरेशनमध्ये होत्या. आम्हाला कॅमेऱ्याच्या खोलीत बसवलं. भाऊंच्या गळ्याला मफलर, हातात वहिनींचा हात. आज बोलायचं होतं. पण सकाळपासून मला दिसत होतं, या माणसाला बोलायचंच नाहीये. न बोलता निदान आशा तरी होती.

खोलीत एक ताई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पेशंटच्या गळ्याचे सगळे व्हिडिओ ज्या डिस्कवर साठवलेले, ती डिस्क सकाळपासून उघडत नव्हती. ताई आमच्याकडे बघायला मोकळ्या नव्हत्या. त्यांनी कीबोर्डला मोबाइल टेकवून ठेवला, त्यावर काहीतरी लावलं, आणि खोलीत आवाज घुमला.

"नमस्कार मंडळी. डिस्क दिसून नाही राहिली? घाबरायचं नाही. पहिले पाणी प्या."

दिवाकरभाऊंचा आवाज! तीन वर्षांपूर्वीचा, गाठीच्या आधीचा, खणखणीत. आमच्याच चॅनेलचा व्हिडिओ. ताईंना काय माहीत मागं कोण बसलंय? भाऊंचं तोंड त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. वहिनींनी मान खाली घातली. भाऊ त्या मोबाइलकडे टक लावून बघत होते. डोळे भरलेले. मला वाटलं, उठून बंद करावा तो व्हिडिओ. पण उठवेना.

ताईंनी पहिली स्टेप केली आणि मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवला, कारण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक पाटी आली होती. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? फॉरमॅट म्हणजे डिस्क साफ. सगळ्या पेशंटचे सगळे व्हिडिओ गेले. ही पाटी दिसते साधी, आणि माणूस घाईत 'हो' म्हणून बसतो.

ताईंचा माउस त्या बटनावर गेला. मी तोंड उघडेपर्यंत माझ्या शेजारून आवाज आला.

"नाही, नाही. फॉरमॅट नका करू. कॅन्सल दाबा."

वहिनींनी माझा दंड घट्ट धरला.

ताईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. कॅन्सल दाबलं, आणि थांबलेल्या मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "दाबलं, भाऊ. आता पुढं सांगा."